नशा थांबते, आणि मग दाढ ठणकायला लागते

ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार घेणारी माणसं एक तक्रार हमखास करतात. "इतकी वर्षं दाताचं काही दुखणं नव्हतं. औषध सुरू झालं आणि दोन महिन्यांत दाढा ठणकायला लागल्या." ऐकणाऱ्याला वाटतं, औषधानंच दात खाल्ले. मग कुणीतरी सल्ला देतं, सोडून दे ते औषध, दात तरी वाचतील. हा सल्ला जिवावर बेतू शकतो. पण तक्रार खोटी नाही. तिच्यात दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टींचा गुंता झालेला आहे, तो जरा सोडवून बघू.

पहिला धागा सोपा आहे. ओपिऑइड ही मुळात वेदनाशामकं. अफूच्या बोंडातून मिळणारं मॉर्फिन आणि कोडीन, मॉर्फिनपासून बनवलेलं हेरॉइन, प्रयोगशाळेत तयार होणारं फेंटानिल किंवा ट्रॅमाडॉल, ही सगळी मेंदूत आणि मज्जारज्जूत एकाच प्रकारच्या कुलपांत बसतात आणि दुखण्याचा निरोप मधल्यामध्ये अडवतात. ज्याच्या रक्तात वर्षानुवर्षं असं औषध फिरतंय, त्याच्या दाढेची कीड नसेपर्यंत पोचली तरी त्याला पत्ता लागत नाही. लागलाच, तर पुढच्या डोसात ते दुखणं विरून जातं. दात किडत असतो, घंटा तेवढी वाजत नाही. उपचारात डोस स्थिर होतो, शरीराला त्याची सवय होते, अमलाचं जाड पांघरूण बाजूला सरतं, आणि चार-पाच वर्षांची थकबाकी एकदम वसुलीला येते. म्हणजे बऱ्याच वेळा औषध दात किडवत नसतं, आधीच किडलेला दात औषधाच्या काळात पहिल्यांदा जाणवतो.

बऱ्याच वेळा म्हटलं, नेहमी नाही. कारण औषधाचाही थोडा हात आहे.

उपचारात मुख्यतः तीन औषधं वापरतात. मेथाडोन हे पूर्ण ताकदीचं ओपिऑइड, पण संथ. दिवसातून एकदा घेतलं की चढ-उतार होत नाही, तलफ शांत राहते. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ साली या उपचाराचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच कुलपात अर्धवट फिरणारी किल्ली आहे. ते कुलूप अडवून ठेवतं, पण पूर्ण उघडत नाही, त्यामुळे श्वास मंदावून मृत्यू येण्याचा धोका खूपच कमी. तिसरं नालट्रेक्सोन. ते ओपिऑइड नाहीच. ते कुलपात बसून बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं. यातल्या मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनला जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं.

आता ते जिवावर बेतण्याचं. २०१७ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. मेथाडोनच्या उपचारात असलेल्या लोकांमध्ये दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होत होते, आणि तेच उपचार सुटलेल्या काळात सुमारे ३६. तिपटीहून जास्त. त्यातही उपचार सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात घातक, कारण शरीराची सवय उतरलेली असते आणि पूर्वीचा नेहमीचा डोस आता झेपत नाही. दातासाठी औषध सोडायचं की नाही, हा प्रश्न या आकड्यांसमोर ठेवला की उरत नाही. उरतो तो दुसरा प्रश्न: औषध चालू ठेवून दात कसे राखायचे? बाकीचा लेख त्याबद्दलच आहे.

थुंकी म्हणून जिला हिणवतो ती

दातांची खरी राखणदार लाळ आहे. ब्रश दिवसातून दोनदा येतो, लाळ दिवसभर पहाऱ्यावर असते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुऊन नेते, आम्लाची धार बोथट करते, आणि तिच्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताच्या आवरणात पुन्हा भरतं. हे शेवटचं काम फारसं कुणाला माहीत नसतं. दाताचं आवरण, म्हणजे इनॅमल, शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. पण ती दगडासारखी निश्चल नसते. रोज थोडी झिजते, रोज थोडी भरून येते. जमाखर्च जुळला तर दात टिकतो.

खर्च होतो आम्लामुळे. आम्लता मोजायच्या मापावर, म्हणजे पीएचवर, ७ हा आकडा मधला. तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळायला लागतात. दाताचं मूळ हिरडीच्या खाली झाकलेलं असतं. हिरडी मागे सरून ते उघडं पडलं असेल तर ते याहून आधीच, सहाच्या थोड्या वरच, विरघळायला लागतं. आंबट खाल्ल्यावर 'दात आंबले' असं आपण म्हणतो ना, त्या शब्दात हे सगळं रसायनशास्त्र आहे. फरक इतकाच, की एरवी आंबलेले दात लाळेमुळे तासाभरात ताळ्यावर येतात.

ओपिऑइड लाळ आटवतात. व्यसनाच्या काळात घेतलेलेही आणि उपचारातलेही. नैराश्यासाठी, झोपेसाठी किंवा ॲलर्जीसाठी दिली जाणारी काही औषधंही तोंड कोरडं पाडतात, आणि उपचारातल्या अनेकांना त्यातलं एखादं चालू असतंच. वर सिगारेट असते. जीभ टाळूला चिकटते, बोलताना ओठ कोरडे पडतात, सुकं अन्न घशाखाली उतरत नाही, रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठावं लागतं. झोपेत लाळ तशीही जवळपास थांबते, आणि इथे तर दिवसाचीही आटलेली.

कोरड्या तोंडाचा माणूस काय करतो? काहीतरी पितो किंवा चघळतो. ते काहीतरी बहुतेक वेळा गोड असतं. इथे दुसरा धागा पहिल्यात गुंततो.

गोडाची ओढ ही हावरेपणाची गोष्ट नाही

उपचारातल्या माणसाच्या घरचे वैतागून सांगतात, दिवसभर गोड खात असतो, चहात चार-चार चमचे साखर घालतो, लहान मुलासारखी गोळ्या-चॉकलेटं दडवून ठेवतो. यामागे शरीराचं कारण आहे. गोड चव आवडणं हेच मुळी मेंदूतल्या ओपिऑइड यंत्रणेवर चालतं. आपलं शरीर स्वतःची ओपिऑइड तयार करतं, एंडॉर्फिन ही त्यातलीच, आणि गोड चाखल्यावरचं सुख त्यांच्याच वाटेनं येतं. याचा सगळ्यात गोंडस पुरावा नवजात बाळं देतात. सुई टोचण्याआधी साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर दिले तर बाळ कमी रडतं. म्हणून जगभरच्या रुग्णालयांत तसं देतातही.

मग ज्याच्या मेंदूतली ही यंत्रणा वर्षानुवर्षं बाहेरच्या ओपिऑइडनी वाकवली आहे, त्याला गोडाची ओढ लागावी यात नवल नाही. मेथाडोन घेणाऱ्यांच्या आहाराच्या पाहण्यांमध्ये हे वारंवार दिसलं आहे: गोड जास्त, फळं-भाज्या कमी, जेवणाच्या वेळा विस्कटलेल्या. आणि नशा सुटली की हातात रिकामा वेळ येतो, तोही काहीतरी तोंडात टाकण्यातच जातो. दारू किंवा हेरॉइनपेक्षा चॉकलेट कितीतरी बरं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पहिल्या काही आठवड्यांत गोडावरून भांडण काढणाऱ्या नातेवाइकांना तर मी उलट थांबवीन. पण ते आठवडे सरल्यावर एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती किती गोड खाता याहून किती वेळा खाता याबद्दलची आहे.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकानं साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर दातांवरच्या थरातला पीएच कसा बदलतो ते मोजलं. काही मिनिटांत तो धाडकन खाली येतो, साडेपाचच्याही खाली. मग हळूहळू, अर्धा-पाऊण तास घेत, पूर्वपदाला येतो. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, ते हे आम्ल. आता हिशेब करून बघा. जेवणानंतर एकदाच वाटीभर गोड खाल्लं तर दातांना एक आम्लाची आंघोळ. तेवढीच साखर थंड पेयाच्या बाटलीतून दर वीस मिनिटांनी एक घोट अशी दुपारभर घेतली, तर पीएच वर यायला उसंतच मिळत नाही. साखर तेवढीच, नुकसान अनेक पट. आणि लाळ आटलेली असेल तर त्या अर्ध्या-पाऊण तासाचे दोन तासही होऊ शकतात.

याच मुद्द्याचा एक जुना, अस्वस्थ करणारा पुरावा स्वीडनमधून येतो. लुंड शहरातल्या व्हिपेहोल्म या संस्थेत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, मतिमंद रुग्णांना मुद्दाम गोड खायला देऊन त्यांचे दात किती किडतात ते पाहिलं गेलं. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांचे दात थोडे किडले. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या चघळणाऱ्यांचे दात भराभर किडले. त्या माणसांची संमती कुणी घेतली नव्हती, आज असा प्रयोग कुठेही करता येणार नाही. पण दंतवैद्य आजही 'मधल्या वेळेचं गोड टाळा' म्हणतात, तेव्हा ते त्या रुग्णांच्या दातांवरून शिकलेलं असतं.

तर गोड बंद करा हा सल्ला कुणी पाळत नाही, म्हणून तो देण्यात अर्थ नाही. गोड जेवणाला चिकटवा हा सल्ला पाळता येतो. गोड खायचंय? जेवणाच्या शेवटी खा, हवं तेवढं नसलं तरी समाधान होईल एवढं खा, मग पाण्यानं खळखळून चूळ भरा. मधल्या वेळी तोंड कोरडं पडलं तर साधं पाणी घोट-घोट, किंवा बिनसाखरेचं च्युइंगम. चघळलं की उरलीसुरली लाळ सुटते. झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो एक गोड पदार्थ, असलेलं च्युइंगम आणखी चांगलं, कारण कीड लावणाऱ्या जंतूंना त्याचं आम्ल करता येत नाही. (घरात कुत्रा असेल तर ते च्युइंगम कपाटात ठेवा. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे, अगदी थोडंही.) बिनसाखरेची फसफसणारी पेयं मात्र फसवी. साखर नसते, आम्ल असतं. कोलासारख्या पेयाचा पीएच अडीचच्या आसपास असतो, त्याला जंतूंची मदतही लागत नाही.

चहा-कॉफीतली साखर एकदम सुटत नाही. पण दिवसाचे आठ कप चार होऊ शकतात, आणि रात्री झोपण्याआधीचा शेवटचा गोड कप तेवढा जरी गेला तरी मोठा फायदा. झोपेत लाळ नसते, तोंडात राहिलेली साखर रात्रभर जंतूंच्या ताटात पडून राहते.

जिभेखाली विरघळणारं औषध

ब्युप्रेनॉर्फिन गिळून चालत नाही. पोटातून गेलं तर यकृत त्याचा बराचसा भाग रक्तात पोचण्याआधीच निकामी करतं. म्हणून गोळी किंवा पातळ पट्टी जिभेखाली ठेवायची आणि पाच-दहा मिनिटं विरघळू द्यायची. हे विरघळलेलं औषध आम्लधर्मी असतं. गोळ्यांमध्ये सायट्रिक आम्लही असतं, तेच जे लिंबात असतं. म्हणजे रोज एकदा-दोनदा, वर्षानुवर्षं, खालच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि सगळ्या तोंडात थोडं आम्ल साठून राहतं. तेही अशा तोंडात, जिथे ते धुऊन काढायला लाळ पुरेशी नाही.

अमेरिकेत हे औषध व्यसनासाठी २००२ साली मंजूर झालं होतं. वीस वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनानं म्हणजे एफडीएनं इशारा दिला. तोंडात विरघळणारं ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांमध्ये दात किडण्याच्या, जंतुसंसर्गाच्या, दात पडण्याच्या ३०५ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या, त्यातल्या १३१ गंभीर. या लोकांचं सरासरी वय ४२. काहींना आधी दाताचा कसलाही त्रास नव्हता. त्रास कळेपर्यंत साधारण दोन वर्षं गेली होती. ३०५ हा आकडा वाचून दर किती माणसांत एकाला हे होतं ते काढता येत नाही, कारण ही डॉक्टरांनी आणि रुग्णांनी आपणहून कळवलेली प्रकरणं आहेत. पण इशाऱ्यात प्रशासनानं हेही ठामपणे लिहिलं, की या औषधाचा फायदा धोक्याहून स्पष्टपणे मोठा आहे आणि ते थांबवू नये.

त्यांनी सुचवलेला उपाय इतका साधा की आधी कुणालाच का सुचला नाही असं वाटतं. औषध पूर्ण विरघळलं की पाण्याचा एक मोठा घोट घ्यायचा, दातांवरून आणि हिरड्यांवरून हलकेच फिरवायचा आणि गिळून टाकायचा. विरघळण्याआधी मात्र नाही, नाहीतर औषध वाया जाईल. आणि मग निदान एक तास ब्रश करायचा नाही. हा तास लोकांना उलटा वाटतो. तोंडात काहीतरी किडवणारं गेलंय, लगेच घासून टाकावं असं हाताला वाटतं. पण आम्लानं इनॅमलचा वरचा थर त्या वेळी मऊ पडलेला असतो, ब्रशचे दाते तो खरवडून काढतात. लाळेला आणि पाण्याला त्यांचं काम करू द्यायचं. उलटी झाल्यावरही हाच नियम. जठरातलं आम्ल तर औषधाहून किती तरी तीव्र, आणि विड्रॉलच्या, म्हणजे ओपिऑइड कमी पडल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाच्या, दिवसांत उलट्या होतातच.

मेथाडोन बहुतेक ठिकाणी द्रवरूपात देतात. त्याच्या काही प्रकारांत साखर असते, बिनसाखरेचे प्रकारही मिळतात. पण रोजच्या एका डोसातली साखर ही दिवसभरातल्या बाकीच्या साखरेसमोर अगदीच किरकोळ. मेथाडोन दात कुजवतं ही समजूत फार पसरलेली आहे, आणि मला वाटतं ती औषधापेक्षा औषधाभोवतीच्या जगण्यातून आली. तरी डोसानंतर पाणी प्यावं, यात गमावण्यासारखं काहीच नाही. 'मेथाडोन हाडांत शिरतं' ही त्याच जातीची दुसरी समजूत. हाडं दुखतात ती बरेचदा डोस कमी पडत असल्यामुळे, कारण अंग मोडून येणं हे विड्रॉलचं लक्षण. मात्र दीर्घकाळ ओपिऑइडवर असलेल्यांत संप्रेरकं कमी होऊन हाडांची घनता घटू शकते. तेव्हा हाडांची तक्रार हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टरांना सांगावी. ज्यांना तोंडातून औषध घेणं खरोखरच परवडत नाही, इतके दात गेलेत, त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनचं महिन्यातून एकदा त्वचेखाली द्यायचं इंजेक्शनही आहे. ते तोंडाला वळसा घालूनच जातं.

दात नाहीत, म्हणून भाजी नाही, म्हणून पोट साफ नाही

आता तिसरा धागा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. दहा-बारा दात पडलेला किंवा दुखणारा माणूस काय खातो ते पाहा. कच्ची भाजी चावत नाही, कठीण फळ चावत नाही, मांस तुटत नाही, डाळी-कडधान्यं दाढेच्या खड्ड्यात अडकतात. उरतं काय? पाव, बिस्किटं, मऊ भात, केक, गोड पेयात बुडवलेलं काहीही. पोट भरतं, पोषण होत नाही. आणि हेच मऊ, पिठूळ, चिकट अन्न उरलेले दात खातं.

यातून आणखी एक गोष्ट बिघडते: पोट. ओपिऑइड आतड्यांच्या भिंतीतल्या कुलपांवरही बसतात आणि आतड्यांची हालचाल मंदावतात. शरीराला बाकी बऱ्याच परिणामांची सवय होते, बद्धकोष्ठतेची फारशी होत नाही. मेथाडोनवर दहा वर्षं असलेला माणूसही कुंथतोच. त्यावर सगळे सांगतात, चोथा खा, तंतुमय खा. पण चोथा दातांनी खायचा असतो! बिनदातांच्या माणसाला कच्च्या काकडी-गाजराचा सल्ला देणारा आहारतज्ज्ञ रुग्णाच्या तोंडात डोकावलेला नसतो. शिवाय नुसता चोथा वाढवून पाणी न वाढवणं हे मंदावलेल्या आतड्यात बोळा कोंबण्यासारखं आहे. इसबगोलसारख्या फुगणाऱ्या वस्तूंनी या बद्धकोष्ठतेत कधीकधी त्रास वाढतो. त्यासाठी वेगळी रेचकं आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. लाजून गप्प बसणारे फार.

मग खायचं काय? दातांना झेपेल आणि अंगी लागेल असं. अंडी, दही, दूध, मऊ मासे, पूर्ण शिजवून घोटलेली कडधान्यं, शिजवून कुस्करलेल्या भाज्या, पिकलेली मऊ फळं. चीजचा तुकडा जेवणाच्या शेवटी खाल्ला तर आम्ल उतरायला मदत होते. फळ अख्खं खावं, रस नको. रसात साखर आणि आम्ल दोन्ही, आणि चोथा गाळलेला. सुकामेवा आरोग्याचा म्हणून ओळखला जातो, पण मनुका आणि खजूर दातांच्या दृष्टीनं टॉफीच.

व्यसनाच्या काळात बहुतेकांची उपासमार झालेली असते. पैसा नशेत, वेळ नशा मिळवण्यात, आणि भूकही मेलेली. क जीवनसत्त्व अगदीच मिळालं नाही तर दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजून रक्त यायला लागतं. उपचार स्थिर झाले की भूक परत येते, वजन वाढतं. मेथाडोनवर वजन वाढणं अगदी नेहमीचं. सुरुवातीला ते आनंदाचं असतं, गालफडं भरतात, कपडे अंगावर बसतात. वर्षभरानंतर तेच वजन मधुमेहाच्या वाटेला लागू शकतं, आणि मधुमेहाचं हिरड्यांशी जुनं वैर. रक्तातली साखर वाढली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि हिरड्यांच्या संसर्गानं साखर आणखी आवरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली साखर आणि फळांचे रस मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावेत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण ५० ग्रॅम, आणि जमल्यास त्याच्या निम्मे. रोज आठ कप चहा, प्रत्येकात चार चमचे, असा हिशेब करून पाहिला तर नुसत्या चहातूनच सवाशे ग्रॅमच्या पुढे जातो.

दंतवैद्याच्या खुर्चीत

तिथपर्यंत पोचणंच अवघड. तोंड उघडून दाखवायची लाज वाटते. मागे कुणीतरी कपाळावर आठ्या घालून "ही काय अवस्था करून घेतलीय" म्हटलेलं असतं. म्हणून दुखणं असह्य झाल्यावरच जायचं आणि दात उपटून यायचं, हेच चक्र. काही डॉक्टर औषधाचं नाव ऐकून रुग्ण गोळ्यांसाठीच आलाय असं गृहीत धरतात, तर काही रुग्ण त्या भीतीनं औषधाचं नावच सांगत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं मेथाडोनचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतात आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. नालट्रेक्सोनवर असलेल्या माणसाला दात काढल्यावर ओपिऑइडची वेदनाशामकं लागूच पडत नाहीत. तशी त्यांची गरज बहुधा कुणालाच नसते: पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र, पोट आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर, दातदुखीवर ओपिऑइडइतकंच किंवा त्याहून चांगलं काम करतात. आणि दात काढायचा म्हणून रोजचं ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन बंद करायचं नसतं. ते नेहमीच्या वेळी घ्यायचं, दुखण्याचा बंदोबस्त वेगळा.

खुर्चीत मागायच्या गोष्टी दोन-तीनच आहेत. जास्त फ्लोराइडची टूथपेस्ट: साध्या पेस्टमध्ये दशलक्ष भागांत साधारण १,००० ते १,५०० भाग फ्लोराइड असतं, कोरड्या तोंडाच्या माणसाला काही देशांत ५,००० भागांची लिहून देतात. ती रात्री लावून फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. दुसरं, वर्षातून काही वेळा दवाखान्यात फ्लोराइडचा लेप. तिसरं, एकाच वेळी पंधरा दात किडलेत आणि ड्रिलची भीती आहे, तेव्हा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. हे द्रव किडलेल्या जागी नुसतं लावतात, सुई नाही, घरघर नाही, आणि बहुतेक ठिकाणी कीड तिथेच थांबते. किंमत एवढीच की ती जागा कायमची काळी पडते. पुढच्या दातांसाठी कुणी तयार होणार नाही, मागच्या दाढांसाठी होतात. २०२१ पासून तेही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे.

पुढचे दात नीट बसवून देणं ही चैन समजली जाते. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं, की व्यसनाच्या उपचारात ज्यांच्या दातांची पूर्ण दुरुस्ती झाली ते उपचारात जास्त काळ टिकले, आणि बाहेर पडताना त्यांच्यात नोकरी आणि राहायला घर असणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. मुलाखतीला गेल्यावर तोंडावर हात न धरता बोलता येणं म्हणजे काय, हे ज्याचे पुढचे चार दात नाहीत त्याला विचारावं.

आणि यातलं सगळ्यात स्वस्त काम उपचार केंद्रातच होऊ शकतं. जिथे रोजचा डोस देतात त्या खिडकीपाशी पाण्याचं भांडं आणि कागदी पेले ठेवायचे. पहिल्या दिवशी डोसाची माहिती देतानाच सांगायचं: विरघळू दे, मग हा पेला, मग तासभर ब्रश नाही.